नंदूला भावंडं का नाहीत?

मराठी सिनेमातलं ‘विशेष’ मूल जवळजवळ नेहमी एकटं असतं. ‘चौकट राजा’मधल्या नंदूला आई आहे, शेजारी आहेत, बालमैत्रीण आहे. पाठचं-पुढचं कुणी नाही. ‘यलो’मधल्या गौरीला आई आहे, मामा आहे, पोहायला शिकवणारे सर आहेत. तिथेही भाऊ-बहीण नाही. घरात दुसरं मूलच नाही, ज्याची उद्या युनिट टेस्ट आहे, ज्याला सर्दी झालीय, ज्याला वह्यांना कव्हर घालून हवंय.

मला यात पटकथेची सोय दिसते. एक आई आणि एक मूल असलं की मायेचा हिशोब सोपा होतो, सगळी त्यालाच. दुसरं मूल आलं की वाटणी आली. मग आईला नुसतं थोर राहून भागत नाही, तिला रोज सकाळी निवड करावी लागते. आधी डबा कुणाचा, आधी आंघोळ कुणाची, कुणाच्या शाळेतल्या पालकसभेला जायचं आणि कुणाच्या नाही. ही निवड पडद्यावर दाखवायची तर आई थोडी अन्यायी दिसणार, आणि आईला अन्यायी दाखवायला आपला सिनेमा अजून तयार नाही.

मी अशाच एका वाटणीच्या घरातला. आम्ही तिघं. मी थोरला, मग बहीण, मग धाकटा. धाकट्याला बौद्धिक अपंगत्व आहे. तो आता बावीस वर्षांचा आहे आणि शर्टाची वरची दोन बटणं त्याला अजून लागत नाहीत. घर सोलापूरच्या पूर्व भागात. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट इतका की सुट्टीच्या दिवशी तो बंद असला तर धाकटा बेचैन होतो. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचे. मी सोलापुरातच इंजिनिअरिंग केलं आणि बाकी सगळ्यांसारखा हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून पुण्याला आलो. या विषयावरचे सिनेमे मी प्रेक्षक म्हणून कमी आणि टेस्टर म्हणून जास्त बघतो, हे आधीच सांगून टाकतो. कुठे काय तुटतंय, तिकडे माझं लक्ष जातं.

‘चौकट राजा’ १९९१चा. दिग्दर्शक संजय सूरकर, निर्मात्या स्मिता तळवलकर. आमच्या पिढीने तो टीव्हीवर दुपारी तुकड्या-तुकड्यांत पाहिलाय, किंवा प्रभावळकरांच्या नंदूची क्लिप फोनवर आली म्हणून पाहिलाय. प्रभावळकरांच्या अभिनयाबद्दल तीन दशकं लिहून झालंय, त्यात मी काय भर घालणार. मला त्या सिनेमात सगळ्यात खऱ्या वाटतात सुलभा देशपांडे, नंदूच्या आईच्या भूमिकेत. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख कमी आणि थकवा जास्त आहे. ही बाई आत्ता रडणार नाही, कारण रडून झाल्यावर भांडी तशीच पडलेली असणार, हे त्यांच्या खांद्यांवरून कळतं. माझ्या आईचे खांदे संध्याकाळी सातला असेच असतात.

पण नंदू जन्मापासून तसा नाही. लहानपणच्या एका अपघाताने तो तसा झाला. त्यामुळे सिनेमाला एक ‘आधी’ मिळतं आणि एक कारण मिळतं. मोठेपणी बालमैत्रीण मीनल परत भेटते, तेव्हा तिच्या मायेला त्या जुन्या दिवसांचा आधार असतो. आमच्या घरात असं ‘आधी’ नाही. कारणही नाही. कारणं सुचवणारे नातेवाईक मात्र भरपूर झाले. कुणी ग्रहण म्हणालं, कुणी पपई, कुणी आजोळच्या देवाचं राहिलेलं काहीतरी. प्रत्येक कारण शेवटी आईपाशीच येऊन थांबायचं, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. सिनेमाने अपघात घातला आणि आईची या चौकशीतून सुटका केली. चांगलंच केलं. पण घरातली मोठी जखम त्याबरोबरच कथेबाहेर गेली.

आता गणा. अशोक सराफांनी केलेला हा शेजारी मला पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो, कारण नंदूच्या भावाची जागा खरं तर त्यानेच भरलीय. नंदूची चेष्टाही करतो, त्याला सांभाळूनही घेतो, त्याच्या आईला धीर देतो. भावाचंच सगळं काम करतो, फक्त तो भाऊ नाही. आणि इथेच पटकथा हुशारीने निसटते. गणा शेजारी आहे, म्हणून त्याने केलेलं सगळं जमा खात्यात जातं. सख्ख्या भावाने तेच केलं तर ते धरूनच चाललेलं असतं, आणि एक दिवस नाही केलं तर लगेच उधारी मांडली जाते. गणाला कंटाळा आला तर तो आपल्या खोलीत जाऊन दार लावू शकतो. नंदूच्या भावाची खोली तीच असती.

‘यलो’बद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तो माझ्या वयातला सिनेमा आहे. २०१४, दिग्दर्शक महेश लिमये. पुण्याच्या गौरी गाडगीळच्या आयुष्यावर बेतलेला. गौरीला डाउन सिंड्रोम आहे आणि मोठ्या गौरीची भूमिका तिने स्वतःच केलीय. एकसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सिनेमाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, गौरी आणि छोटी गौरी झालेली संजना राय या दोघींचा विशेष उल्लेख झाला. नामवंत नटाने अपंगत्वाचा ‘अभिनय’ करायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या, या सवयीला ‘यलो’ने सरळ फाटा दिला. गौरी तिच्या पद्धतीने बोलते, शब्द अडकतात, कॅमेरा थांबतो. आमच्या घरी हा सिनेमा चालू असताना धाकटा पहिल्यांदा पडद्याच्या इतका जवळ जाऊन बसला की आईला त्याला मागे ओढावं लागलं. ‘चौकट राजा’ लागला की तो उठून जातो.

असं असूनही शेवटच्या अर्ध्या तासात मी दर वेळी अस्वस्थ होतो. गौरी पोहते, स्पर्धा होते, आपण खुर्चीच्या कडेला येतो. खऱ्या गौरीने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवलंय, त्यामुळे हे खोटं म्हणता येणार नाही. तक्रार निवडीबद्दल आहे. सिनेमा करण्यालायक ठरायला या मुलांना पदक लागतं. माझा भाऊ पोहत नाही, चित्रं काढत नाही, त्याला कुठलीही तारीख विचारली तर वार सांगता येत नाही. कडक भाकरी मोडल्याचा आवाज त्याला आवडतो, म्हणून तो सगळ्यांच्या ताटातल्या भाकरी मोडून देतो. त्याच्यावर स्पोर्ट्स फिल्म निघणार नाही. ‘सितारे जमीन पर’मध्ये (२०२५) निदान हरलेल्या सामन्यावर जल्लोष आहे, तेवढा फरक पडलाय. पण सामना लागतोच.

दुसरी गोष्ट ‘यलो’तल्या बापाची. तो मुलीला स्वीकारत नाही आणि आई तिला घेऊन बाहेर पडते. असे बाप असतात, नाही असं नाही. पण असा बाप लिहिला की प्रश्न स्वीकारायचं की नाकारायचं एवढाच उरतो, आणि आपण कुठल्या बाजूला हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. आमच्या पप्पांनी धाकट्याला नाकारलं नाही, आणि कवटाळून भाषणही केलं नाही. ते सकाळी कारखान्यात जायचे आणि रविवारी त्याची नखं कापायचे. नखं कापणं हे तिघांचं काम आहे. पप्पा कापणार, मी हात धरणार, बहीण समोर बसून तेराचा पाढा गाण्यासारखा म्हणणार. पाढा संपायच्या आत दहा नखं व्हायला हवीत. हे आजही असंच चालतं, फक्त माझ्या जागी आई असते. स्वीकाराचा प्रश्न आमच्याकडे कधीच निघाला नाही. ‘आज कोण धरणार?’ हा मात्र दर रविवारी निघतो.

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते तेव्हा आम्ही सगळे गड्ड्यावर जायचो. सोलापूरच्या पोरांना गड्डा म्हणजे काय ते सांगायला नको. धाकट्याचा हात धरायचा नसतो, मनगट धरायचं असतं, कारण हात सुटतो. आकाशपाळण्यापाशी आलो की कुणीतरी एकजण त्याच्याबरोबर खाली थांबणार, हे ठरलेलं. एका वर्षी मी, एका वर्षी बहीण. वरून खाली बघितलं की दोन डोकी दिसायची, एक वर बघणारं आणि एक भलतीकडेच. विशेष मूल असलेल्या घरातलं बालपण सिनेमात दाखवायचं असेल तर मी कॅमेरा त्या पाळण्यात ठेवीन. वर बसलेल्याला मजा येत असते आणि त्याच वेळी तो खाली मोजत असतो, दोन आहेत ना, दोन आहेत ना.

भावंड असलेला एक मोठा सिनेमा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, ‘तारे जमीन पर’ (२००७). इशानला योहान नावाचा मोठा भाऊ आहे. अभ्यासात पहिला, टेनिसमध्ये चांगला, शिवाय स्वभावाने गोड. तरीही तो कथेत कशासाठी आहे? मोजपट्टी म्हणून. इशान किती मागे आहे ते दिसावं म्हणून योहान पुढे उभा केलाय. योहानला पहिलं येण्यावाचून पर्याय होता का, हे सिनेमा विचारत नाही. आमच्याकडे दहावीच्या निकालानंतर एका काकांनी पेढा तोंडात असतानाच म्हटलं होतं, “आता तुझ्यावरच आहे बाबा सगळं.” मी कॉम्प्युटर घेतलं ते आवडीने घेतलं. पण नाटक घेईन म्हणालो असतो तर त्या घरात काय झालं असतं, याचा मी कधीकधी विचार करतो. योहानच्या टेनिसबद्दलही मला तोच संशय आहे.

त्यात इशानला डिस्लेक्सिया आहे. निकुंभ सर येतात, अडचण ओळखतात, मेहनत घेतात, चित्रकलेची स्पर्धा होते, तिकीट क्लोज. माझ्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर आपले सिनेमे बग फिक्सचे असतात, आणि आमचं घर प्रॉडक्शन सपोर्टवर चालतं. ‘श्वास’सारखा संयत सिनेमाही (२००४, संदीप सावंत) याला पूर्ण अपवाद नाही. दृष्टी जाण्याआधी नातवाला जग दाखवणारे आजोबा आपण विसरू शकत नाही. काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावी परततो आणि सिनेमा संपतो. त्या रात्री त्याला जेवायला कुणी वाढलं, ताटात कुठे काय आहे हे कुणी सांगितलं, तिथून माझी उत्सुकता सुरू होते.

मला हवा होता तो सिनेमा शेवटी अमेरिकेतला निघाला. ‘व्हॉट्स ईटिंग गिल्बर्ट ग्रेप’, १९९३, दिग्दर्शक लासे हॉलस्ट्रॉम. डिकॅप्रिओचं पहिलं ऑस्कर नामांकन यातल्या आर्नीसाठी, म्हणून पुष्कळांनी तो शोधून पाहिलेला असतो. मी बघतो ते जॉनी डेपच्या गिल्बर्टला. आर्नीला दोन बहिणी आणि हा भाऊ, आई घराबाहेर न पडणारी. म्हणजे कामांची वाटणी. एका रात्री गिल्बर्टला बाहेर जायचंय, तो आर्नीला टबमध्ये बसवून निघून जातो आणि सकाळी आर्नी त्याच गार पाण्यात कुडकुडत बसलेला असतो. पुढे एकदा गिल्बर्ट त्याला मारतोही. सिनेमा त्याला राक्षस ठरवत नाही, माफही करत नाही, पुढच्या दिवसाकडे जातो. मी आणि बहिणीने हा सिनेमा एकत्र पाहिला. टबच्या प्रसंगाला ती काही बोलली नाही, फक्त फोन उलटा ठेवला. मराठीत एवढा राग दाखवायला कुणी धजावेल का? आपल्याकडे भाऊ एकतर लक्ष्मण असतो नाहीतर घर विकून टाकणारा.

आर्नीचा अठरावा वाढदिवस हा त्या सिनेमातला मोठा प्रसंग आहे. आपल्याकडे या वाढदिवसाला आणखी एक अर्थ आहे. मूल अठराचं झालं की कायद्याने सज्ञान होतं आणि आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. समितीत जिल्हाधिकारी असतात, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी असतो, स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ती असते. यात केवढं नाट्य आहे बघा. ज्या आईने बावीस वर्षं बटणं लावली तिने कागदावर लिहून द्यायचं की मी याची पालक व्हायला तयार आहे. आणि तिच्यानंतर कोण, याचं उत्तर शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेलं असतं. कुठल्याही पटकथेत हा अर्ज मला अजून दिसलेला नाही.

दुसरा न दिसलेला कागद म्हणजे लग्नाचा बायोडेटा. गेल्या वर्षी बहिणीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. ‘भावंडे’ या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्या स्वयंपाकघरात दोन संध्याकाळी गेल्या. मावशीचं म्हणणं, “दोन भाऊ एवढंच लिहा, बाकीचं बघायला आल्यावर.” आई गप्प. पप्पा म्हणाले, खरं ते लिहा. बहिणीने तिथल्या तिथे फोनवर टाइप केलं: धाकटा भाऊ, वय २२, विशेष गरजा, आमच्यासोबत राहतो आणि राहील. “अक्का, मी पण?” असं धाकटा विचारत होता, कारण फोटो काढायचा चाललाय असं त्याला वाटलं. एका घरातून निरोप आला की ‘राहील’ हा शब्द काढता येईल का. तिने काढला नाही.

राष्ट्रीय न्यासाचा अर्ज आता माझ्या लॅपटॉपवर आहे. आई-पप्पांच्या नावाने तो भरून होईल, त्यात अडचण नाही. त्यांच्यानंतर कुणाचं नाव, यावर माझं आणि बहिणीचं रोज रात्री कॉलवर भांडण होतं. ती म्हणते, “तू पुण्यात बसून कसला पालक होतोस बे.” मी म्हणतो, तुझं लग्न होऊन तू कुठे जाशील ते ठरू दे आधी. मागे धाकट्याचा आवाज येत असतो, अण्णा कधी येणार म्हणून. मग ती फोन त्याच्याकडे देते आणि तो कॉल कट करतो, कारण लाल बटण दाबायला त्याला आवडतं.