सुभेदाराने सॅल्यूट केल्यावर

ते रील तुम्ही पाहिलं असणारच. डेहराडूनची पासिंग आउट परेड संपलेली असते. नवा लेफ्टनंट मैदानातून बाहेर येतो. समोर त्याचा बाप उभा, तोही वर्दीत, छातीवर मेडलं. बाप टाच जुळवून मुलाला कडक सॅल्यूट ठोकतो. मागे संथ पियानो, खाली लाल बदामांचा पाऊस.

आमच्या घरात हे खरंच घडलंय. जून २०२२. काका सुभेदार होते, निवृत्तीला दोन महिने राहिले होते. चुलतभाऊ त्या दिवशी लेफ्टनंट झाला. ज्यांना फौजेतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी : सुभेदार हा शिपाई म्हणून भरती होऊन, पंचवीस-तीस वर्षं एकेक पायरी चढत आलेला माणूस. लेफ्टनंट अकादमीतून येतो आणि पहिल्याच दिवशी सुभेदाराच्या वर असतो. तर काकांनी सॅल्यूट केला, भावाने घेतला, मी मोबाईल धरून उभा होतो. पुढची आठ-दहा सेकंद कुठल्याही रीलमध्ये नसतात. दोघांनाही आता काय करायचं ते कळेना. शेवटी काका म्हणाले, "बधाई हो साब." हिंदीत. ज्या पोराशी जन्मभर साताऱ्याच्या बोलीत बोलले, त्याच्याशी.

ती क्लिप मी कुठेच टाकली नाही. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. दोन वर्षांनी एक कादंबरी वाचताना तो प्रसंग मला जसाच्या तसा भेटला, आणि तोही पहिल्याच प्रकरणात.

योझेफ रोथची 'राडेट्स्की मार्च' मूळ जर्मनमध्ये १९३२ साली आली. मी ती मायकेल हॉफमनच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. नाव योहान श्ट्राउस थोरल्याच्या १८४८ च्या संचलनगीतावरून घेतलंय. व्हिएन्नातल्या नववर्षाच्या मैफलीत शेवटी लोक टाळ्यांचा ठेका धरतात, तेच ते. कथा ट्रोटा घराण्याची. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईत पायदळातला एक साधा लेफ्टनंट ट्रोटा सम्राट फ्रान्स योझेफला खांदे धरून खाली दाबतो. सम्राटासाठीची गोळी त्याच्या खांद्यात घुसते. बदल्यात कॅप्टनची रँक, सर्वोच्च पदक आणि सरदारकी. एका गोळीत शेतकऱ्याचा नातू उमराव होतो.

मग तो बापाला भेटायला जातो. बाप फौजेतला जुना सार्जंट, एक डोळा गमावलेला, आता लाक्सेनबुर्गच्या राजवाड्याच्या बागेचा राखणदार. रोथ इथे घाई करत नाही. तो आधी मुलाचे कपडे दाखवतो. लाखेचं हेल्मेट, चकाकते बूट, स्पर्स, बटणांच्या दोन रांगा, त्यावर पदक. एवढं सगळं बाप आणि मुलगा यांच्यामध्ये उभं करतो आणि मगच दोघांना बोलू देतो. पाच वर्षांपूर्वीपर्यंत बाप त्याच्याशी स्लोव्हेनियन बोलायचा, मुलाला ती धड कळत नव्हती तरीही. आज तो फौजी जर्मनमध्ये बोलतो. एवढ्या मोठ्या साहेबाशी घरच्या भाषेत बोलणं त्याला सलगी वाटते. अभिनंदन करतो आणि एक टोमणा मारतो. आमच्या वेळी बढत्या इतक्या झटपट मिळत नव्हत्या, राडेट्स्कीने आम्हाला चांगलंच रगडलंय, अशा अर्थाचा.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि पाणी पिऊन आलो.

या कादंबरीवर लिहिणारे बहुतेक लोक ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याच्या अस्ताबद्दल लिहितात. तो विषय आहेच. पण मला वाटतं रोथचं खरं निरीक्षण बारीक आहे, आणि ते या टोमण्यात आहे. मुलगा एकदा रँकने पुढे गेला की बापाला रँकवर बोलता येत नाही. मग त्याच्या हातात 'आमच्या वेळी' एवढंच उरतं. आमच्या वेळी बढती कशी मिळायची, बटणं कशी घासायची, कडक इस्त्री म्हणजे काय. वर्दीबद्दलची कुरकुर ही म्हाताऱ्या फौजीची शेवटची रँक असते, आणि ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

आमच्याकडे ही रँक आजोबांकडे आहे. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात बेळगावहून मराठा रेजिमेंटमधून इटलीत गेले. त्याच मोहिमेत रेजिमेंटचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पणजोबा हवालदार म्हणून परत आले, खाकी हाफपँट घेऊन. आजोबा १९५८ मध्ये भरती झाले तेव्हा खाकी जाऊन ऑलिव्ह ग्रीन आलेली होती. जमादार नावाची रँक अजून होती. १९६५ मध्ये तिचं नायब सुभेदार झालं आणि आजोबा तिथवर पोहोचून निवृत्त झाले. पणजोबा म्हणे त्यांच्या फुलपँटला 'पायजमा' म्हणायचे. आजोबांनी काकांच्या चट्ट्यापट्ट्याच्या वर्दीला 'गोधडी' म्हटलं. आणि १५ जानेवारी २०२२ ला सैन्याने डिजिटल नक्षीची नवी लढाऊ वर्दी दाखवली, तिचा शर्ट तर पँटच्या बाहेर सोडायचा असतो. भावाने ती घालून फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. आजोबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "इन कुठाय?"

आम्ही सगळे हसलो. भाऊ हसला नाही, असं काकू नंतर म्हणाल्या. (तो ग्रुपवर होता, त्याचा चेहरा त्यांना कसा दिसला, हे विचारायचं नसतं.)

कपड्यांचा हा मुद्दा रोथ पुढेही सोडत नाही. ट्रोटाला एक दिवस मुलाच्या शालेय पुस्तकात स्वतःची गोष्ट सापडते. तिथे तो पायदळातला नाही, घोडदळातला आहे. शत्रूचे घोडेस्वार, छातीतून आरपार भाला, सगळा मसाला. तो तक्रार घेऊन थेट सम्राटापर्यंत जातो. सम्राट म्हणतो, आपण दोघं त्यात वाईट काही दिसत नाही, राहू दे. ट्रोटा फौज सोडतो आणि मुलाला सैन्यात जाऊ देत नाही. मुलगा जिल्ह्याचा मोठा अधिकारी होतो, सम्राटासारखे कल्ले ठेवतो. आणि नातू कार्ल योझेफला घोडदळात घातलं जातं. म्हणजे पाठ्यपुस्तकातली थाप दोन पिढ्यांनंतर नातवाच्या अंगावर वर्दी म्हणून चढते. नातवाचं मन घोड्यावर रमत नाही. तो शेवटी स्वतःहून पायदळात बदली मागतो.

इथे एक गोष्ट माहीत असेल तर वाचनाला धार येते. सोल्फेरिनोला ऑस्ट्रियाचं पायदळ पांढऱ्या कोटात लढलं. १८६६ च्या पराभवानंतर पांढरा जाऊन गडद निळा आला, १९०८ च्या सुमारास फिकट करडा. घोडदळ मात्र लाल विजारी सोडायला तयार नव्हतं. १९१४ मध्येही ते तशाच रंगीत कपड्यांत मशीनगनसमोर गेलं. पांढरा कोट घातलेल्या आजोबाला नातवाचा करडा डगला दाखवला असता तर तो काय म्हणाला असता, याचा अंदाज मी आमच्या आजोबांवरून बांधू शकतो.

आणि हे सगळं लिहिणारा रोथ? तो पहिल्या महायुद्धात सैन्यात होता, अधिकारी नव्हता. पुढे आयुष्यभर मात्र आपण लेफ्टनंट होतो, रशियनांच्या कैदेत होतो, असं सांगत राहिला. खोट्या शौर्यकथेमुळे उद्ध्वस्त झालेल्या माणसाची गोष्ट लिहिणाऱ्याने स्वतःला बढती देऊन टाकली होती. मला याचा राग येत नाही. रँकची भूक त्याला आतून माहीत होती, म्हणूनच तो बापाचा टोमणा इतका अचूक ऐकू शकला असं वाटतं.

तक्रार दुसरी आहे. त्या एकाक्ष सार्जंटला रोथ फार लवकर विसरतो. कादंबरी वर चढलेल्यांच्या मागे जाते. कार्ल योझेफचा नोकर-शिपाई ओनुफ्री साहेबाचं कर्ज फेडायला स्वतःची जमीन गहाण टाकतो, आणि साहेब म्हणतो, अधिकाऱ्याने जवानाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. प्रसंग जबरदस्त आहे, पण ओनुफ्रीच्या डोक्यात शिरायला रोथला वेळ नाही. तो त्याला भाबडा, निष्ठावंत ठेवून मोकळा होतो. आमच्या घरासारख्या घरात, जिथे तीन पिढ्या शिपाईपणापासून सुरू झाल्या, ही पानं खटकतात. बायका तर जवळपास नाहीतच. ज्या काकू तीस वर्षं त्या वर्द्यांना स्टार्च करत आल्या, त्यांच्यासारखी एकही बाई इथे सापडत नाही. शेवटही मला जरा आखलेला वाटला. दोन बादल्या पाणी आणायला गेलेला नातू आणि त्याच्या कानात वाजणारं ते संचलनगीत.

तरी पहिलं प्रकरण मी चार वेळा वाचलं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजोबांना त्या सार्जंटची गोष्ट सांगितली, मुलाचं हेल्मेट, बदललेली भाषा, टोमणा, सगळं. ते सुपारी कातरत ऐकत होते. काका तिथेच होते. निवृत्त झाल्यापासून ते मुलाचा फोन आला की अजूनही उभे राहून बोलतात.

"त्या म्हाताऱ्याला पेन्शन होती का?" आजोबांनी विचारलं.

म्हटलं, ते नीट आठवत नाही, पण राजाच्या बागेवर राखणदाराची नोकरी दिली होती.

आजोबांनी काकांकडे पाहिलं. निवृत्तीनंतर आजोबा अकरा वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर होते. काकांची तिथली मुलाखत सोमवारी होती.

"युनिफॉर्म कारखाना देतो," आजोबा म्हणाले. "इस्त्री आपली आपण करायची."