एका टायरचे रसग्रहण

समीक्षा लिहायला अधिकार लागतो म्हणतात. माझ्याकडे बी.कॉम.ची पदवी आहे आणि तीही दुसऱ्या वर्गातली. वाङ्मयाशी माझा संबंध चाळीच्या गणेशोत्सवाच्या अहवालापलीकडे कधी गेला नाही. पण परळच्या एका बँकेत गेली बावीस वर्षे मी कर्जाचे कागद वाचतो आहे. मोठ्या अक्षरात छापलेले असते ते सुभाषित आणि बारीक अक्षरात छापलेले असते ते सत्य, एवढे समीक्षाशास्त्र बँकेने मला वर पगार देऊन शिकवले. त्याच्या जोरावर आज मी एका उपेक्षित वाङ्मयप्रकाराकडे वाचकांचे लक्ष वेधणार आहे. तो प्रकार म्हणजे टायर.

हसू नका. टायरच्या अंगावर जेवढा मजकूर असतो तेवढा आमच्या पासबुकावरही नसतो. फरक एवढाच, की पासबुक उभ्याने वाचता येते. टायर वाचायला उकिडवे बसावे लागते.

आमचे गाव राजापूर तालुक्यात. तिथे आई, दादा, वहिनी, आंब्याची दीडशे कलमे आणि एक पिकअप असा संसार आहे. पिकअप दादाची आणि माझी निम्मी-निम्मी, म्हणजे चालवतो पुतण्या आणि निम्मे हप्ते भरतो मी. मे महिन्यात ती आंब्याच्या पेट्या घेऊन लालबागला आली, चिवडा गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, आणि पुतण्या जिना चढून वर येऊन पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधीच म्हणाला, "काका, या पावसाच्या आत एटी टाकायचे."

"एटीएमचं काम माझ्याकडे नाही रे. ते दुसऱ्या खात्यात."

"एटीएम नाही हो, एटी. ऑल टेरेन. टायर!"

ही बातमी चाळीत पसरायला पेलाभर पाणी पिण्याइतकाच वेळ लागला. आमच्या मजल्यावर मोटार कोणाकडेच नाही, त्यामुळे टायरबद्दल मत प्रत्येकाकडे आहे. एकाने सांगितले, टायर घ्यावा तो रुंद. दुसऱ्याने सांगितले, उंच. तिसरे गृहस्थ आयुष्यभर बेस्टच्या बसने हिंडले. ते म्हणाले, टायर कुठलाही घ्या, पण ड्रायव्हर चांगला घ्या. त्या दिवशीचे शहाणपणाचे वाक्य तेवढेच होते, म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

पुतण्याने सोबत एक गुळगुळीत पत्रक आणले होते. प्रथम त्याचे परीक्षण करतो. चित्रात एक गाडी डोंगराच्या अगदी टोकावर उभी आहे. वर आभाळ, खाली दरी, आणि वर येणारा रस्ता कुठेच नाही. गाडी तिथे पोचली कशी हे टायरचे श्रेय मानले, तरी ती उतरली कशी हे चित्रकाराने गुलदस्त्यातच ठेवले आहे. गाडीत माणूस नाही, पेटी नाही, गवताचा भारा नाही, माहेराहून परतणारी सासुरवाशीण नाही. चिखल आहे; पण तो नवऱ्या मुलाला हळद लावावी तसा बेताने, शोभेल तिथेच लावलेला आहे. वीररसाचा परिपोष उत्तम. आशयाच्या नावाने शून्य.

आणि तो शब्द, 'ऑल'! सर्व भूमी! दादर स्टेशनच्या पुलाखाली सर्व रोगांवर एकच मलम विकणारा एक माणूस मी लहानपणी पाहिला होता. त्याच्या स्वतःच्या पायाला मात्र पट्टी बांधलेली असे.

वास्तविक टायरांची तीन घराणी आहेत. एचटी, म्हणजे हमरस्त्याचे. त्याची नक्षी घट्ट आणि खाचा बारीक, त्यामुळे आवाज कमी, डिझेल कमी आणि ओल्या डांबरावर पकड चांगली. एमटी, म्हणजे चिखलाचे. त्याला मोठमोठे ठोकळे आणि मध्ये रुंद चर. चराने चिखल धरायचा आणि फिरता फिरता बाहेर फेकायचा. पण चर रुंद म्हटला की रस्त्याला टेकणारे रबर कमी, म्हणून डांबरावर तो गुरगुरतो आणि पावसात ब्रेक लावल्यावर थांबायला जागा जास्त घेतो. एटी हे या दोन घराण्यांचे लग्न. अशा लग्नातल्या मुलाकडे दोन्हीकडचे थोडे थोडे गुण येतात आणि दोन्हीकडच्या मंडळींची थोडी थोडी तक्रार राहते.

मी कॅल्क्युलेटर काढला. गाव ते मुंबई जवळजवळ चारशे किलोमीटर डांबरी. डांबरी रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत कच्ची वाट दीड किलोमीटर. म्हणजे शेकडा अर्धा टक्कासुद्धा नाही! "अर्ध्या टक्क्यासाठी चार टायर? बँकेत असला प्रस्ताव आला तर साहेब बेल वाजवून मला बाहेर काढतील."

पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या बँकेवर वर्षातून किती दरोडे पडतात?"

"एकही नाही. का?"

"मग तिजोरी पत्र्याची का नाही ठेवत?"

मी गप्प बसलो. कारण तो कशाबद्दल बोलतो आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होते. २०२३ च्या जुलैत एका रात्री आईला दम लागला. आमचे घर खाली व्हाळाकाठी आहे आणि डांबरी वर. त्या दीड किलोमीटरमधला शेवटचा चढ जांभ्याचा आहे. पावसात त्याच्यावर लाल मातीचा साबण तयार होतो. दादाने आईला पुढे बसवले, पुतण्याने गाडी काढली. निम्म्या चढावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी हळूहळू मागे घसरली. गडग्याला टेकली म्हणून थांबली. गडग्याच्या पलीकडे व्हाळ होता. मग आईला लाकडी खुर्चीत बसवून, पावसात, चौघांनी वर नेले. मला अडीच वाजता फोन आला. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत उभे राहून राजापूरचा चढ चढता येत नाही, हे मला त्या रात्री समजले. आई बरी झाली. पण ती खुर्ची अजून ओटीवर आहे आणि तिच्यावर कोणी बसत नाही.

तेव्हा मी कॅल्क्युलेटर खिशात टाकला, चष्मा पुसला आणि खाली जाऊन उकिडवा बसलो.

टायरच्या कुशीवरचे वाङ्मय हे पत्रकाच्या अगदी उलट. इथे अलंकार नाहीत, विशेषणे नाहीत, क्रियापद तर औषधालाही नाही. '२१५/७५ आर १५'. कविता नव्हे, पण प्रत्येक अक्षराला अर्थ आहे. रुंदी २१५ मिलिमीटर. कुशीची उंची रुंदीच्या शेकडा ७५. आर म्हणजे रेडियल. आतल्या लोखंडी रिमचा व्यास १५ इंच. चाळीतल्या रुंद पक्षाने २३५ चा टायर सुचवला होता. मी तिथेच हिशेब केला. २१५ च्या टायरचा पूर्ण व्यास ७०३.५ मिलिमीटर आणि २३५ चा ७३३.५. फरक शेकडा सव्वाचारचा. म्हणजे काटा ६० दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असेल, आणि शंभर किलोमीटर जाऊन वहीत शहाण्णवच लागतील. हिशेबात सव्वाचार टक्क्यांची तफावत निघाली तर आमच्याकडे चौकशी बसते. रुंद पक्ष बाद.

पुढे '१०० एस'. हा १०० म्हणजे शंभर किलो नव्हे. ती तक्त्यातली खूण आहे. तिचा अर्थ एका टायरवर ८०० किलो. १०४ असेल तर ९००. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालेल. मुंबई-गोवा रस्त्यावर १८० ने जाणाऱ्याला टायरची नव्हे, वारसाची नोंद करण्याची गरज आहे, म्हणून एस सोडून देऊ. वजनाचा आकडा मात्र जामीनदाराची ऐपत आहे. पुतण्याला आवडलेला देखणा एटी मोटारीच्या जातीचा निघाला आणि त्याची ऐपत आमच्या गाडीच्या पुस्तकात मागितलेल्या ऐपतीपेक्षा कमी. देखणा जामीनदार मी बावीस वर्षांत पुष्कळदा पाहिला आहे.

'८ पीआर'. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असत, ते मोजून हा आकडा देत. आता आत तेवढे थर नसतात, आकडा फक्त ताकद सांगतो. इनाम गेले तरी इनामदार आडनाव राहिले, त्यातला प्रकार.

'एम अधिक एस'. चिखल आणि बर्फ. राजापूर तालुक्यात चिखल देवाने भरपूर दिला आहे; बर्फ मात्र मासळीवाल्याकडेच मिळतो. पण हे बिरुद नक्षीची ठेवण पाहून लावता येते. बर्फावरची परीक्षा पास झालेल्या टायरवर तीन शिखरे आणि हिमकण असे वेगळे चिन्ह असते. म्हणजे एक मानद पदवी आणि एक परीक्षा देऊन मिळवलेली.

'टीडब्ल्यूआय'. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या बारीक पट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्याशी समपातळीत आला की संपला. ही किमान शिल्लक. पण किमान शिल्लक असलेल्या खात्यावर मुलीचे लग्न होत नाही, तसा तेवढ्या खाचांवर जुलैचा चढ चढत नाही.

आणि हवेचा दाब. कुशीवर लिहिलेला दाब हा जास्तीत जास्त किती, तो असतो; रोजचा नव्हे. रोजचा आकडा गाडीवरच्या तक्त्यात किंवा पुस्तकात असतो, तोही रिकाम्या गाडीला वेगळा आणि भरलेल्या गाडीला वेगळा. पुतण्या बारा महिने पेट्यांच्या हिशेबाने हवा भरत होता. त्या रात्री हौदा रिकामा होता. ओढणारी चाके मागे, आणि मागे वजनच नाही. त्यात टायर दगडासारखा फुगलेला. मग तो जमिनीला टेकणार किती?

शेवटी एका कोपऱ्यात, सगळ्यात बारीक अक्षरात, चार आकडे सापडले: '०८१६'. मी मोबाईलचा दिवा लावून पुन्हा वाचले. २०१६ सालचा आठवा आठवडा! हे टायर आम्ही २०२१ साली कोरे म्हणून घेतले होते, बिलही आहे. रबर दुकानात नुसते पडून राहिले तरी कडक होत जाते. २०१२ पासून आमच्याकडे चेक तीन महिन्यांत शिळा होतो आणि मी तो हसतमुखाने परत करतो. त्याच मला पाच वर्षांचा शिळा टायर ताजा म्हणून विकला गेला होता. २०१६ च्या पाचशेच्या नोटा आम्ही नोव्हेंबरात रांगा लावून परत घेतल्या. त्याच वर्षाचा हा टायर मात्र चलनात राहिला आणि आईला घेऊन चढ चढायला निघाला.

दुकानदारावर रागवायचा हक्क मला आहे. पण ते चार आकडे त्याने लपवले नव्हते. ते तिथेच होते. माणसांच्या कर्जाचे कागद भिंगाने वाचणारा मी, स्वतःच्या घरचा कागद मी वाचलाच नव्हता.

तेव्हा या समीक्षेचा निष्कर्ष असा. त्या रात्री गाडी घसरली ती आधी शिळ्या रबरामुळे, मग रिकाम्या हौद्यामुळे, मग जास्त हवेमुळे. नक्षीचा नंबर चौथा. पत्रक फक्त चौथ्याबद्दल बोलते. पहिल्या तिघांचे चित्र काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑपेरा हाऊसच्या बाजूला, मोटारीच्या सामानाच्या दुकानांकडे गेलो. एटीच घेतले, पुतण्याचा तिजोरीचा मुद्दा मला खोडता आला नव्हता. पण सौम्य नक्षीचे, मूळ मापाचे, पुस्तकातल्या वजनाचे आणि चारही. दुकानात मी प्रत्येक टायरपुढे उकिडवा बसून तारीख वाचली आणि दोन परत केले. तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "साहेब, टायर घ्यायचाय की त्याची पत्रिका जुळवायचीय?" मी म्हटले, "पत्रिकाच. मागच्या वेळी वय लपवलं होतं." चार टायरांचा आकडा ऐकल्यावर मात्र थोडा वेळ मीच उकिडवा राहिलो.

गावी पोचल्यावर दादाने एक पदरची भर घातली. पावसाळ्यात गाडी रिकामी न्यायची असेल तर हौद्यात, मागच्या चाकांवर, दहा जांभ्याचे चिरे दोरीने घट्ट बांधून ठेवायचे. या सुधारणेचे पत्रक निघणार नाही, कारण चिरे घरचेच आहेत.

बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवेचा टायर केला तो आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी. डोंगराच्या टोकावर चढण्याचा त्याचा विचार नव्हता. पोराला धक्के बसू नयेत, एवढेच त्याच्या मनात होते. आमचेही तेवढेच होते; फक्त पोराच्या जागी आई.

जुलैत आईचा फोन आला. डॉक्टरांकडे तपासणीला जाऊन आली होती, भर पावसात. मी भीतभीत विचारले, "चढावर कसं काय झालं?"

"चढली की गाडी. पण वर डांबरीला लागल्यावर खालून भुंग्यासारखं काय घुमतं रे?"

"ते नवे टायर, आई. त्यांचा आवाज होतोच."

"निम्मे पैसे तू दिलेस ना?"

"हो."

"मग निम्मा आवाज तरी कमी करून घे."