वाटाण्याचा अंकुर आणि कॅमेऱ्याचे आकडे

'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या आधी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचे रोप वाढताना टप्प्याटप्प्याने टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. हेतू भांडवल मिळवण्याचा होता. आम्हांला मात्र त्यात उत्तम धडा दिसतो: एकच गोष्ट बदलू द्यावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात. छायाचित्रणाच्या नेहमीच्या सरावांत हेच हरवते. भिंगाचे छिद्र एफ/८ वरून एफ/१६ केले की व्यास निम्मा, प्रकाश चौथाई. म्हणून शटर १/२०० ऐवजी १/५० सेकंद उघडे हवे. विद्यार्थी हे पाठ करतात, पडताळत नाहीत. स्वयंचलित कॅमेरा तर हा हिशेब लपवतोच. उमरीतल्या एखाद्या शाळेने खिडकीतल्या मुगाच्या अंकुराचे रोज ठरल्या वेळी, ठरल्या आकड्यांवर चित्र घ्यावे. ढगाळ दिवशी ते काळवंडेल. ती चूकच प्रकाशाचे गणित शिकवील.