वावटळीचा पाठलाग आणि घरातली मुले

‘हा चित्रपट मुलांना घेऊन पाहण्याजोगा आहे का?’ हा प्रश्न आपल्या घरांतून अजून विचारला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. पूर्वी तो थिएटरच्या तिकीट-खिडकीपाशी विचारला जाई, आता दिवाणखान्यात रिमोट हाती घेऊन विचारावा लागतो. १९९६ साली आलेला, यान द बॉन्ट यांनी दिग्दर्शित केलेला ‘ट्विस्टर’ गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या घरी लागला, तेव्हा हाच प्रश्न सूनबाईंनी मला केला. ‘वाऱ्याचा चित्रपट, त्यात काय वाईट असणार?’ असे उत्तर मी देऊन बसलो. ते उत्तर घाईचे होते, हे कबूल करण्यासाठी हा लेख.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपण चक्रीवादळ म्हणतो ते समुद्रावरून येते, शेकडो किलोमीटर पसरते आणि दिवसचे दिवस टिकते. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा फिरत्या वाऱ्याचा खांब. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटर आणि आयुष्य काही मिनिटांचे. मी त्याला ‘वावटळ’ म्हटले. कानडी शाळेत जाणाऱ्या नातवाने लगेच ‘सुंटरगाळी’ म्हणून दुरुस्ती केली. आपल्या अंगणात पाचोळा फिरवणाऱ्या वाऱ्याला दोन्ही शब्द शोभतात. ओक्लाहोमाच्या माळावर आख्खे घर उचलणाऱ्या प्रकाराला दोन्ही तोकडे पडतात. तरी वावटळच म्हणू.

कथा थोडक्यात अशी. जो (हेलन हंट) आणि बिल (बिल पॅक्स्टन) हे वावटळींचा अभ्यास करणारे पती-पत्नी आता वेगळे झाले आहेत. घटस्फोटाच्या कागदांवर सही घ्यायला बिल आपल्या वाग्दत्त वधूसह येतो आणि पुन्हा वादळाच्या मागे ओढला जातो. ‘डोरोथी’ नावाचे एक पिंप वावटळीच्या वाटेत ठेवायचे, त्यातले शेकडो इवले संवेदक आत खेचले जातील आणि पोटातली माहिती बाहेर कळवतील, अशी योजना. तीन मिनिटे आधी मिळणारा इशारा पंधरा मिनिटे आधी मिळावा, एवढ्यासाठी ही सारी धावपळ.

पडद्यावर गाय उडते, ट्रक कोसळतात, मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे मैदान उद्ध्वस्त होते. आमचा नऊ वर्षांचा नातू गाय पाहून खदखदून हसला. त्याला लागले ते पहिलेच दृश्य. १९६९ सालची रात्र. वादळ येताच छोटी जो आई-वडिलांसह तळघरात शिरते. वडील दार घट्ट धरून ठेवतात. दारासकट वारा त्यांना घेऊन जातो. आमचे चिरंजीव वीजखात्यात लाइनमन आहेत. वळीव सुरू झाला की आम्ही खिडक्या लावतो आणि ते रेनकोट चढवून बाहेर पडतात. त्या रात्री नातवाने विचारले, ‘आजोबा, बाबासुद्धा वाऱ्यातच जातात ना?’

अमेरिकेत या चित्रपटाला ‘पीजी-१३’ हे प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावधगिरीची सूचना. कारण काय, तर अतिशय वाईट हवामानाचे तीव्र चित्रण! हसू येते खरे. पण मोजणाऱ्यांनी वारा मोजला. बाप हरपतो ते दार त्यांच्या मोजणीत आले नाही. रक्तपात नगण्य, उघडीवाघडी दृश्ये नाहीत, थोडे अपशब्द आहेत. अशा यादीवरून चित्रपट ‘कौटुंबिक’ ठरवायची आपल्यालाही सवय आहे. मुलाला काय लागेल हे त्या यादीत कधी सापडत नाही.

दोष आहेतच. बिलची वाग्दत्त वधू मेलिसा ही खरे तर साऱ्या टोळीत एकटी शहाणी बाई, पण तिच्या भीतीची थट्टा होते. प्रतिस्पर्धी जोनास केवळ कंपनीचा पैसा घेतो म्हणून खलनायक. शेवटी नायक-नायिका चामड्याच्या पट्ट्याने पाइपाला स्वतःला बांधून भयंकर वावटळीतून सुखरूप वाचतात. हे मुलांना थांबवून सांगावे, की प्रत्यक्षात असे कोणी वाचत नाही.

कारण प्रत्यक्ष तसे घडले आहे. डोरोथीसारखेच ‘टोटो’ नावाचे पिंप १९८०च्या दशकात ओक्लाहोमाच्या शास्त्रज्ञांनी खरोखर वापरून पाहिले. ते वावटळीच्या नेमके मध्यात कधीच सापडले नाही. पुढे टिम समारास या संशोधकाच्या उपकरणाने २००३ साली साउथ डकोटात वावटळीत हवेचा दाब १०० मिलिबारने घसरल्याची नोंद केली. सावध म्हणून नावाजलेला हा माणूस ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रीनोच्या वावटळीत मुलगा आणि एका सहकाऱ्यासह मरण पावला.

ली आयझॅक चुंग यांचा २०२४चा ‘ट्विस्टर्स’ या बाबतीत अधिक जबाबदार वाटतो. त्याचीही सुरुवात मृत्यूने होते, पण नायिका केटला ते ओझे शेवटपर्यंत वाहावे लागते. वावटळीत फटाके उडवून प्रेक्षक जमवणारा टायलरही पुढे उद्ध्वस्त गावकऱ्यांना जेवू घालताना दिसतो. चुंबनावाचून चित्रपट संपतो, याची नोंद आमच्या सौ.नी आवर्जून केली.

तेव्हा निर्णय असा. दहा-बारा वर्षांपुढील मुलांना ‘ट्विस्टर’ जरूर दाखवा. लहानांना दाखवायचा तर मोठ्यांनी शेजारी बसावे आणि पहिल्या दृश्यानंतर चित्रपट थांबवून दोन शब्द बोलावे. मी ते केले नाही. उशिरा का होईना, नातवाला सांगितले, की बाबा दार धरायला जात नाहीत. वीज बंद झाल्याची खात्री करतात, मगच खांबावर चढतात. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नसावा. बाप घरी येईपर्यंत तो जागा राहिला आणि हे खरे का, ते त्याने त्यांच्याच तोंडून वदवून घेतले.