पळणारी बाई आणि मस्टरवरची माणसं

आज बोलायचंय ‘लता भगवान करे’ या सिनेमाबद्दल, पण सुरुवात जरा आडबाजूने करतो. आम्ही काही वर्षं लोअर परळच्या एका टॉवरमध्ये, एका कंपनीच्या एचआर विभागात नोकरी केली. टॉवर गिरणीच्या जमिनीवरच उभा. आमचे आजोबा लालबागच्या ज्या गिरणीत बदली कामगार होते, ती तिथून चालत जाण्यासारखी.

दर तिमाहीला आम्ही गळतीचा आकडा काढायचो. ऑफिसात त्याला अ‍ॅट्रिशन म्हणायचे. गणित साधं: जितके सोडून गेले, त्यांना सरासरी संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा, सरासरी 400 माणसं होती आणि 20 गेली, तर गळती 5 टक्के. आकडा खोटा नसायचा. फक्त दारावरचा वॉचमन, पॅन्ट्रीतला पोरगा, झाडू-पोछा करणाऱ्या बायका त्यात नसायच्या. ती कंत्राटदाराची माणसं. एका वर्षात तीन वॉचमन बदलले, आमचा आकडा जागचा हलला नाही.

आता सिनेमा. 2020 साली आलेला, नवीन देशबोईना यांचा. बुलढाण्याकडून बारामतीला पोट भरायला आलेलं शेतमजूर कुटुंब, नवरा आजारी पडतो, एमआरआयला पैसे नाहीत, आणि साठी ओलांडलेली बाई नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनला उतरते. घडलेली गोष्ट आहे. लताबाईंचं काम लताबाईंनीच केलंय, नवऱ्याचं त्यांच्या यजमानांनी. 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लताबाईंचा विशेष उल्लेख झाला.

धावपटूवरचा सिनेमा म्हटलं की आपल्याला ‘भाग मिल्खा भाग’ आठवतो. तिथे घडवलेलं शरीर, रोमचं 1960चं ऑलिंपिक, चौथा क्रमांक, सेकंदाच्या दहाव्या भागाची हळहळ. लताबाईंच्या धावण्याला सेकंदांचं माप नाही, बक्षिसाच्या रुपयांचं आहे. एसटी सुटतेय म्हणून बाई पदर खोचून पळते ना, तसं ते पळणं दिसतं. संवाद म्हणताना त्या अवघडतात, हे खरंच. पण त्यांचे हात, त्यांचं बसणं, उठताना गुडघ्यावर टेकलेला तळवा, हे कुठल्या नटीला शिकवून जमलं असतं असं आम्हाला वाटत नाही.

तक्रार वेगळी आहे. शेतावरची मजुरी किती, महिन्यातले किती दिवस मिळते, पळायला गेली त्या दिवसाचा रोज बुडाला का, हा हिशेब आम्हाला जास्त हवा होता. सिनेमाला ओढ आहे ती शर्यतीची. आणि बघून बाहेर आलेला प्रत्येक जण एकच शब्द बोलतो: जिद्द. जिद्द आहेच हो. पण एका तपासणीसाठी म्हाताऱ्या बाईला पळावं का लागतं, हा प्रश्न त्या शब्दाखाली झाकून जातो. दोष व्यवस्थेचा असला तरी गुण बाईच्या स्वभावाचा ठरतो.

गिरणगावात हेच उलट्या बाजूने झालं. बदली म्हणजे काय, हे इथल्या तरुणांना सांगावं लागेल. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणा कायम कामगाराचा खाडा पडला तर आत काम, नाहीतर घरी. कुणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवणार. 1935 साली गिरणीमालक संघाने बदलीची कार्डं सुरू केली: महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्ड द्यायचं आणि कार्डवाल्याने रोज सकाळी हजर राहायचं. रोजची हजेरी बंधनकारक, रोजचं काम मात्र नाही. आणि कामगार टिकत का नाही, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: कोकणातला माणूस, शिमगा-गणपती आला की गावाला पळणार. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी 1965च्या पुस्तकात मुंबईच्या गिरण्यांची कागदपत्रं तपासून या समजाला धक्का दिला. अस्थिरतेचं मूळ त्यांना गावाच्या ओढीपेक्षा मालकांच्या कामगार वापरण्याच्या पद्धतीत दिसलं. म्हणजे गेला तर ‘गावाची ओढ’, धावली तर ‘जिद्द’. दोन्हीकडे कारण माणसाच्या अंगातच सापडतं, आणि मोजणाऱ्याला स्वतःकडे बघावं लागत नाही. मोजणाऱ्यांत आम्हीही होतो.

आमच्या ऑफिसात लोकांचा उत्साह वाढावा म्हणून या सिनेमाचा तुकडा दाखवला होता. कल्पना आमचीच. टाळ्या झाल्या. पॅन्ट्रीतला पोरगा ट्रे घेऊन दारात उभा राहून बघत होता. नंतर चहा ठेवताना त्याने विचारलं, “साहेब, पळायला नाव द्यायचे पैसे पडतात का?” आम्ही हसून काहीतरी बोललो. दोन महिन्यांनी त्याच्या जागी दुसरा पोरगा होता. सोडून जाणाऱ्यांना कारण विचारायचा एक चार पानी फॉर्म आमच्याकडे होता, पण तो मस्टरवरच्या माणसांसाठी.