बिडात ओतलेली चित्रभाषा : युरोपीय फायरबॅकवरील नक्षीचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

युरोपातील थंड हवेच्या प्रदेशांत भिंतीत बांधलेली फायरप्लेस ही अनेक शतके गृहजीवनाचे केंद्र होती. स्वयंपाक, ऊब, प्रकाश आणि संध्याकाळचा सहवास या साऱ्या गोष्टी तिच्याभोवती घडत. या फायरप्लेसच्या मागील भिंतीला टेकवून उभा केलेला बिडाचा जाड ओतीव पट म्हणजे 'फायरबॅक' होय. मराठी घरातील बिडाचा तवा ज्या धातूचा, त्याच धातूचा हा पट असतो. मात्र तो एका माणसास सहज उचलता येऊ नये इतका जड असतो. जळत्या ओंडक्यांच्या झळीपासून मागील विटांचे रक्षण करणे आणि स्वतः तापून खोलीत उष्णता सोडणे, ही त्याची दोन कामे. या दोन्ही कामांसाठी नक्षीची कोणतीही गरज नाही. तरीही सोळाव्या शतकापासूनचे असंख्य फायरबॅक राजचिन्हे, बायबलमधील प्रसंग, पौराणिक देवता, प्राणी, आद्याक्षरे आणि सनांनी भरलेले आढळतात.

या नक्षीचे वाचन सामान्यतः दोन मार्गांनी केले जाते. कुलचिन्हांचे अभ्यासक चिन्हावरून मालक ओळखतात आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी चिन्हावरून काळ व किंमत ठरवतात. नक्षी ही घरमालकाची अभिव्यक्ती आहे, असे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाचा मुख्य भर आग्नेय इंग्लंडमधील वील्ड या लोहोद्योगाच्या प्रदेशावर असून फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि पेनसिल्व्हेनिया येथील उदाहरणे तुलनेसाठी घेतली आहेत.

घडणीची प्रक्रिया आणि नक्षीचे स्वरूप

वील्डमध्ये लोहखनिज, कोळशासाठी जंगल आणि भाते चालविण्यासाठी ओढे ही तिन्ही साधने उपलब्ध होती. इ.स. १४९६ मध्ये अ‍ॅशडाउन फॉरेस्टमधील न्यूब्रिज येथे झोतभट्टी उभी राहिली आणि इंग्लंडमध्ये बिडाचे ओतकाम शक्य झाले. याच प्रदेशात बक्स्टेड येथे १५४३ मध्ये बिडाची तोफ ओतली गेली. म्हणजे राज्याच्या युद्धासाठी तोफा आणि घराच्या उबेसाठी पट ही एकाच उद्योगाची अपत्ये होती.

फायरबॅक ओतण्याची पद्धत साधी होती. ओलसर वाळूचा सपाट थर करावयाचा, त्यात हवी ती वस्तू दाबून खोलगट ठसा उमटवावयाचा आणि त्या उघड्या साच्यात वितळलेले बीड सोडावयाचे. वाळूला लागलेली बाजू नक्षीदार होई, तर हवेकडील बाजू खडबडीत राही. आरंभीच्या फायरबॅकमध्ये अखंड चित्र क्वचितच असते. पिळाच्या दोराचे ठसे घेऊन काठ केलेला असतो आणि आत छोट्या लाकडी ठशांनी फुले, ढाली किंवा अक्षरे उमटविलेली असतात. एकच ठसा एका पटावर पुनःपुन्हा आणि अनेक पटांवर वेगवेगळ्या मांडणीत दिसतो. पुढे सुताराने कोरलेला संपूर्ण लाकडी नमुना वापरात आला आणि चित्र एकसंध झाले. परंतु नमुना ओतशाळेतच राही व वर्षानुवर्षे वापरला जाई.

या प्रक्रियेतून समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. चित्रकार कोऱ्या पटलावर काम करतो. ओतारी मात्र हाताशी असलेल्या ठशांच्या साठ्यातून निवड करतो. त्यामुळे या नक्षीचा आद्य कोश ओतशाळेच्या फळीवर असतो आणि मालकाच्या मनातील आशय त्यानंतर येतो. काही पटांवर दोराचे तिरपे छेद दिसतात आणि धुराड्यातून येणाऱ्या अनिष्ट शक्तींना अडविण्याची ती खूण असावी, असे सुचविले जाते. ही शक्यता नाकारण्याचे कारण नाही. तथापि दोर हे ओतशाळेतील सर्वांत सहज मिळणारे साधन होते, हेही विसरता येत नाही. प्रत्येक छेदात श्रद्धा शोधणारे वाचन साधनाची साधी उपलब्धता नजरेआड करते.

थडग्याचा लेख आणि घरातील आग

ठशांच्या पुनर्वापराचे सर्वांत बोलके उदाहरण सरे परगण्यातील क्रोहर्स्ट येथे आहे. तेथील चर्चमध्ये अ‍ॅन फॉर्स्टर या स्त्रीच्या स्मरणार्थ १५९१ ची नोंद असलेला बिडाचा समाधिपट आहे. ती टॉमस गेन्सफर्ड यांची कन्या व वारस असून मागे दोन पुत्र व पाच कन्या ठेवून निवर्तली, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. हाच लेख घेऊन ओतलेले अनेक फायरबॅक त्या परिसरात आढळले आहेत. एका स्त्रीच्या मृत्यूची नोंद तिच्याशी नाते नसलेल्या घरांतही रोज संध्याकाळी ज्वाळांच्या मागे उजळत राहिली.

मालकाची अभिव्यक्ती हे गृहीतक येथे लागू केल्यास प्रत्येक फायरबॅकचा मालक फॉर्स्टर कुटुंबाचा आप्त मानावा लागेल, आणि हा निष्कर्ष असंभाव्य आहे. अधिक सरळ स्पष्टीकरण असे की, अक्षरे कोरलेला तयार नमुना ओतशाळेत पडून होता आणि ओताऱ्याने तो सजावट म्हणून वापरला. लेखाचा अर्थ मागे पडून अक्षरांच्या ओळी म्हणजे एक पोत, एक भरणा, एवढेच उरले. ज्या ग्राहकांना वाचता येत नसेल त्यांना हा लेख नक्षीहून वेगळा वाटण्याचे कारणही नव्हते. शोकलेख हा कौटुंबिक स्मृतीचा सर्वांत खाजगी प्रकार. तोही ओतशाळेच्या व्यवहारात इतका सहज मिसळत असेल, तर राजचिन्हे आणि फुलवेलींबाबत अधिक सावध राहणे क्रमप्राप्त ठरते.

राजचिन्ह : निष्ठा की प्रचलित नमुना?

इंग्लंडमधील फायरबॅकवर ट्यूडर व स्टुअर्ट राजांची चिन्हे विपुल आढळतात. ती पाहून त्या घराची राजनिष्ठा सांगण्याचा मोह होतो. काही नमुन्यांबाबत तसे म्हणता येते. चार्ल्स दुसरा हा १६५१ मधील वूस्टरच्या लढाईनंतर बॉस्कोबेल येथे ओकच्या झाडात लपला होता. ओकचे झाड व त्यावरील तीन मुकुट असा नमुना या प्रसंगाचे स्मरण करतो आणि १६६० मध्ये राजसत्तेची पुनःस्थापना झाल्यानंतर तो घरात मांडण्यात उघड राजकीय सूर होता. परंतु सिंह व युनिकॉर्न यांनी धरलेली नेहमीची राजढाल ही बाजारातील प्रतिष्ठित नक्षी होती. ती विकत घेण्यासाठी विशेष निष्ठेची आवश्यकता नव्हती. शिवाय जुन्या पटाचाच साचा घेऊन त्यात नवी आद्याक्षरे व नवा सन घालण्याची प्रथा होती. म्हणून राजचिन्हावरून नमुना कोरण्याचा काळ अंदाजता येतो, ओतकामाचा काळ नव्हे. या दोहोंतील अंतर काही दशकांचेही असू शकते.

जेरेमी हॉजकिन्सन यांच्या २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या ब्रिटिश फायरबॅकवरील ग्रंथाचे महत्त्व याच संदर्भात लक्षात येते. सुटे ठसे आणि अक्षरांची वळणे यांच्या साम्यावरून पटांचे गट बांधण्याची त्यांची पद्धत 'चिन्ह कोणाचे?' या प्रश्नाच्या जोडीला 'ठसा कोणत्या ओतशाळेचा?' हा प्रश्न आणून ठेवते.

मात्र ही भूमिका टोकाला नेता येत नाही, हे फ्रान्सचा इतिहास दाखवितो. ऑक्टोबर १७९३ मध्ये तेथील क्रांतिकारी राष्ट्रीय सभेने सरंजामी खुणा किंवा जुन्या राजसत्तेची ढाल असलेले फायरबॅक उलटे करण्याचा आदेश घरमालकांना दिला. अनेकांनी पट फिरवून बसविले, तर काहींवरील चिन्हे छिन्नीने तोडून टाकण्यात आली. तीन लिलीफुलांची ढाल कित्येक घरांत केवळ सवयीने उभी असेल. पण शासनाने ती शब्दशः वाचली आणि तिला राजद्रोहाच्या पातळीवर नेऊन ठेवले. काल जी नक्षी होती ती आज पुरावा ठरली. विशेष असे की, उलट्या केलेल्या पटांवरील चित्र आगीपासून दूर, भिंतीच्या बाजूस गेले. नष्ट करण्यासाठी दिलेला आदेश काही ठिकाणी रक्षणाचा उपाय ठरला. ओतशाळेत अर्थ नगण्य असला तरी पाहणाऱ्याच्या नजरेत तो केव्हाही जागा होऊ शकतो, ही मर्यादा समीक्षकाने मान्य केली पाहिजे.

धर्मकथा, बाजारपेठ आणि स्थलांतर

जर्मन प्रदेशात बिडाच्या चित्रपटांना निराळे वळण मिळाले. हेसमधील हाइना येथील मठाचे १५३३ मध्ये रुग्णालयात रूपांतर झाले. त्याच्या ओतकामासाठी फिलिप झोल्डान या कोरक्याने केलेल्या नमुन्यांत विधवेच्या घरातील तेल वाढल्याची बायबलमधील कथा आहे. गरिबांच्या पोषणावर उभ्या असलेल्या संस्थेने ही कथा निवडावी, यात हेतू स्पष्ट दिसतो. हे पट मुळात बंद शेगड्यांच्या बाजूंसाठी होते. शेगड्या मोडल्यावर असे पट अनेक ठिकाणी फायरबॅक म्हणून वापरले गेले. जर्मन स्थलांतरितांनी हीच परंपरा पेनसिल्व्हेनियात नेली. हेन्री मर्सर यांनी तेथील शेगडीपटांचा अभ्यास करून १९१४ मध्ये 'द बायबल इन आयर्न' हा ग्रंथ सिद्ध केला. या शीर्षकातच त्या चित्रभाषेचे स्वरूप सामावले आहे.

याउलट 'डच' म्हणून ओळखले जाणारे उंच, कमानदार माथ्याचे फायरबॅक मोठ्या प्रमाणावर जर्मनीतील झीगरलँडमध्ये, नेदरलँड्सच्या बाजारपेठेसाठी ओतले जात. कुंपणाच्या बागेत बसलेली हॉलंडची कुमारिका हे त्यांवरील लोकप्रिय चित्र. एका देशाच्या स्वातंत्र्याचे प्रतीक शेजारच्या प्रदेशातील ओतारी मागणीनुसार पुरवीत होते. राष्ट्रीय भावना ग्राहकाची होती, हात मात्र दुसऱ्याचे होते. हाइना आणि झीगरलँड ही उदाहरणे एकत्र पाहिल्यास हेतूपूर्वक निवडलेली कथा आणि बाजारासाठी घडविलेली प्रतिमा यांतील भेद नक्षीच्या दर्जावरून करता येत नाही. त्यासाठी उत्पादनाचा संदर्भच लागतो.

ओताऱ्याचे आत्मचित्र

या पार्श्वभूमीवर १६३६ चा एक ससेक्स फायरबॅक वेगळा उठून दिसतो. त्यावर राजा नाही, संत नाही, देवता नाही. हातात घण घेतलेला एक कामकरी मनुष्य उभा आहे. सोबत त्याचा कुत्रा, धंद्याची अवजारे आणि ज्वाळा ओकणारी भट्टी आहे. आपण ब्रीड येथील भट्टीचा ओतारी रिचर्ड लेनर्ड असल्याचे तो लेखातून सांगतो. शरीररचनेच्या दृष्टीने चित्र ओबडधोबड आहे आणि वस्तू परस्परांशी प्रमाणात नाहीत. ललितकलेचे निकष लावणारा समीक्षक ते दुय्यम ठरवील.

परंतु शतकभर इतरांची चिन्हे वाळूत दाबणाऱ्या वर्गातील एका माणसाने येथे स्वतःला दाबले आहे. उमरावाच्या पटावर ढालीभोवती जशी प्रतीके मांडली जात, तशीच येथे अवजारे मांडली आहेत. कुलचिन्हाची रचना तीच ठेवून कुलाच्या जागी कसब आणले आहे. या परंपरेत निर्मात्याचे नाव जवळजवळ नेहमीच अनुपस्थित असते. म्हणूनच हा एक पट उरलेल्या अनाम पटांकडे कसे पाहावे, हे शिकवितो.

उपयुक्तता, प्रतिकृती आणि संग्रहालय

अठराव्या शतकात दगडी कोळशाच्या लहान जाळ्या आल्या आणि रुंद फायरप्लेस मागे पडली. १७९६ मध्ये काउंट रम्फर्ड यांनी फायरप्लेसवरील निबंधात धातूला अयोग्य ठरवून आतील बाजूंसाठी दगड-विटांचा पुरस्कार केला. ज्या उपयुक्ततेच्या आधारावर फायरबॅक उभा होता, तिलाच हा शास्त्रीय आक्षेप होता. पुढे तो प्रामुख्याने शोभेची आणि संग्रहाची वस्तू झाला. लुईस येथील अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्ज हाउससारख्या ठिकाणी वील्डमधील नमुने जतन केले आहेत.

संग्राहकांच्या मागणीबरोबर प्रतिकृतीही वाढल्या. जुन्याच पटाचा साचा घेतल्यास बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. त्यामुळे ६० सेंटिमीटर रुंदीच्या पटाची प्रतिकृती अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी अधिक लहान होते आणि कडा बोथट होतात. बाजारात याला बनावट म्हटले जाते. तथापि मूळ ओतशाळाही हेच करीत होत्या. फरक तंत्राचा नाही, दाव्याचा आहे : जुने ओतारी साच्याचा पुनर्वापर करीत, पण वस्तू प्राचीन असल्याचे सांगून तिची किंमत वाढवीत नसत.

संग्रहालयात काळा लेप देऊन समोरून प्रकाश टाकलेला फायरबॅक शिल्पपटासारखा दिसतो. प्रत्यक्ष वापरात त्याचा खालचा भाग राख व ओंडक्यांमागे दडलेला असे आणि वरचे चित्र हलत्या ज्वाळांतून, धुरातून, तुकड्या-तुकड्यांनी दिसे. उथळ, ठळक आणि पुनरावृत्त नक्षी अशा पाहण्यास अनुरूप होती. तिच्या ढोबळपणावरील टीका बहुधा चुकीच्या प्रकाशात केलेली असते.

निष्कर्ष

१. फायरबॅकवरील नक्षी ही मालकाची थेट अभिव्यक्ती मानणे सदोष आहे. अ‍ॅन फॉर्स्टर यांच्या लेखाचा पुनर्वापर याचा सबळ पुरावा होय.

२. नमुना कोरण्याचा काळ, पट ओतण्याचा काळ आणि तो पाहिला गेल्याचा काळ हे तीन भिन्न असून प्रत्येकाचा अर्थ स्वतंत्रपणे शोधावा लागतो. १७९३ चा फ्रेंच आदेश तिसऱ्या काळाचे महत्त्व अधोरेखित करतो.

३. अशा वस्तूंच्या सौंदर्यविचारात साधन, श्रम आणि वापराची जागा यांना चिन्हार्थाइतकेच स्थान दिले पाहिजे.

नित्योपयोगी वस्तूंवरील अलंकरणाला इतिहासाचे साधन म्हणून वापरणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास हा इशारा लागू पडतो. चिन्ह वाचण्यापूर्वी ते कोणाच्या हाताने आणि कोणत्या साठ्यातून उचलले गेले, हे पाहणे आवश्यक आहे. लेनर्डने १६३६ मध्ये तो हात स्वतःच दाखवून ठेवला आहे.