खिडकीचं सूत्र वाचताना : इको-निवास संहितेत काय मोजलंय, काय सुटलंय

संशोधनाच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात की "शोधनिबंध किंवा मानक चिकित्सकपणे वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" आज एक दस्तऐवज सोबत वाचू. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने (बीईई) डिसेंबर 2018 मध्ये आणलेली इको-निवास संहिता. घराच्या भिंती, खिडक्या आणि दारं यांतून किती उष्णता आत यावी, हे ठरवणारी ही संहिता आहे.

आधी माझी फजिती सांगतो. पीएचडीच्या पहिल्या आराखड्यात मी मुंबईतल्या घरांसाठी दुहेरी काचेच्या खिडक्या आणि दारांच्या फटी बुजवणं असे दोन उपाय मांडले होते. वाचलेलं साहित्य बहुतेक थंड देशांमधलं. समितीतल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात उष्णता येते कशातून?" मी एमएस्सीला उष्णतावहनाचा पेपर शिकून आलेला, आणि उत्तर देता आलं नाही.

उत्तर संहितेच्या सूत्रातच होतं. त्या सूत्राला आरईटीव्ही म्हणतात. भिंती-खिडक्यांच्या दर चौरस मीटरमागे आत येणाऱ्या उष्णतेचा हा अंदाज, आणि थंड हवामान वगळता त्याची मर्यादा 15 वॅट प्रति चौरस मीटर. सूत्रात तीन पदं आहेत: भिंतीतून वहनाने येणारी उष्णता, काचेतून वहनाने येणारी, आणि काचेतून थेट ऊन म्हणून येणारी. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानासाठी त्यांचे गुणांक अनुक्रमे 5.15, 1.31 आणि 65.21 असे आहेत.

इथे थांबा आणि कागद-पेन घ्या. साध्या एकेरी काचेचं यू-मूल्य साधारण 5.8 धरू, आणि उन्हातली किती उष्णता आत सोडते ते सांगणारा एसएचजीसी 0.8. वहनाचं पद 1.31 × 5.8, म्हणजे 7.6. उन्हाचं पद 65.21 × 0.8, म्हणजे 52.2. जवळपास सातपट! आता पारदर्शक दुहेरी काच बसवा. यू-मूल्य 2.8 आणि एसएचजीसी 0.7 धरला तर दोन्ही पदांची बेरीज 59.8 वरून 49.3 होते. त्याऐवजी एकेरी काच तशीच ठेवून वर चांगला छज्जा काढला आणि परिणामी एसएचजीसी समजा 0.5 वर आला, तर बेरीज 40.2. छज्जा जिंकतो, आणि तोही कमी खर्चात.

दुहेरी काच वाईट आहे असा याचा अर्थ नाही. लेह किंवा शिमल्यात आतली ऊब बाहेर जाते, म्हणून तिथे वहन महत्त्वाचं. संहितासुद्धा थंड हवामानासाठी आरईटीव्ही न लावता यू-मूल्याचीच मर्यादा घालते. फटींचंही तसंच. तिकडे फट बुजवतात ती गार वारा अडवायला. मुंबईत एसी चालू असेल तेव्हा फट बुजवायची ती दमट हवेसाठी: आत आलेल्या दर किलो बाष्पाचं पाणी करायला एसीला सुमारे 2,450 किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. एसी बंद असेल तर त्याच फटीची अडचण नाही. उपाय एकच, कारण वेगळं. आराखड्यात मला हे कारणच लिहिता आलं नव्हतं.

इथवर संहितेचं कौतुक. आता माझी तक्रार.

संहिता वाऱ्यासाठीही एक अट घालते. उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या ठरावीक टक्के हवं. उष्ण-दमट हवामानात 16.66 टक्के. बिजागऱ्यांवर उघडणारी खिडकी 90 टक्के उघडी धरतात, दोन झडपांची स्लायडिंग 50 टक्के. उघड्या गॅलरीत थेट उघडणारं दारही या हिशोबात धरता येतं.

एक घर घेऊ आणि समजू की इमारतीतली सगळी घरं अशीच आहेत. चटईक्षेत्र 45 चौरस मीटर, म्हणजे 7.5 चौरस मीटर उघडा भाग हवा. खोल्यांच्या दोन खिडक्या 1.5 × 1.2 मीटरच्या, स्वयंपाकघराची 0.9 × 1.2 ची, गॅलरीचं दार 1.8 × 2.1 चं. संडास-बाथरूमची झरोकी सोडून देऊ. सगळं बिजागऱ्यांचं असेल तर 7.61, म्हणजे पास. सगळं स्लायडिंग असेल तर 4.23, म्हणजे 9.4 टक्के. नापास.

आता पास झालेल्या घरात राहायला माणसं येतात. आमच्याच घराचं उदाहरण. राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी आम्ही गॅलरी बंद करून घेतली, कारण माझ्या अभ्यासाला जागा नव्हती. गॅलरी उघडी राहिली नाही की दार हिशोबातून जातं. वरच्या घरात तसं केलं तर उरतात 4.21 चौरस मीटर. पुन्हा 9.4 टक्केच! म्हणजे नकाशा मंजूर होताना पास झालेलं घर एका सुताराच्या आठवडाभराच्या कामात नापास होतं, आणि कागदावर पासच राहतं. आई दुपारी म्हणते, "पूर्वी इथे वारा यायचा रे." तिला गुणोत्तर माहीत नाही, पण निरीक्षण अचूक आहे. आणि त्याच गॅलरीत बसून मी वायुवीजनावर प्रबंध लिहितोय.

संहिता खिडकीचा आकार मोजते. ती खिडकी उघडी राहते का, हे मोजत नाही. डास, धूळ, चोरीची भीती, रस्त्याचा आवाज, तिसऱ्या माणसाला न पुरणारी जागा, यातलं काहीच सूत्रात नाही. मानकाने सगळं मोजावं अशी अपेक्षा नाही. नकाशावर तपासता येईल तेच त्यात बसतं. पण त्या आकड्यावरून विजेची बचत सांगायची असेल, तर राहत्या घरात जाऊन उघडा भाग पुन्हा मोजायला हवा. माझ्या प्रबंधाचं आता तेच काम आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ. स्वतःच्या घरी टेप घेऊन उघडणारा भाग मोजा आणि चटईक्षेत्राने भागा. मग घरातल्यांना विचारा, यातलं रोज काय उघडं असतं आणि का नाही. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. फरक दिसला, तर संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडेल.